डोंगर बघायला आला

परदेशात बर्फाच्या सुट्टीला जायचं तर आधी तिकडचा डोंगर घरी येऊन माणसाला बघून जातो. ही पद्धतच आहे. भुसावळच्या कुमुदताई झोपे यांना आतापर्यंत दोन डोंगर बघून गेले होते. एकाने त्यांचे पांढरे केस पाहून पोह्यांना हातही लावला नाही. दुसऱ्याने घरी परतल्यावर भुसावळची हवा मानवली नाही, असं मोघम कळवून टाकलं.

तिसरा आला तो भर मे महिन्यात. दारातून मावेना म्हणून समोरच्या मोकळ्या प्लॉटवर टेकला आणि पायथा तेवढा व्हरांड्यात घेतला. त्याच्या अंगावरून थंडगार पाणी वाहत होतं. गल्लीतल्या बायकांनी लगेच हंडे, बादल्या लावल्या. नळाला पाणी नसताना कोण कशाला लाजेल?

ट्रॅव्हल्सवाले भिरूडकाका मध्यस्थ होते. डोंगर फार सावकाश बोलतो, म्हणून त्याचं म्हणणं तेच सांगत. वय विचारून झालं. गुडघ्यांची चौकशी झाली. पूर्वी कधी बर्फ पाहिलाय का, यावर कुमुदताई फ्रिजमधला म्हणाल्या आणि त्यांचा मुलगा हेमंत कावराबावरा झाला.  मग भिरूडकाकांनी घसा साफ करून निर्णय सांगितला. पसंती होती, पण एक अट होती. ताईंनी पायथ्याशी खुर्चीत बसावं, शाल पांघरून कॉफी प्यावी आणि वरून घसरत येणाऱ्यांचे फोटो काढावेत. वर चढायचं नाही.

"आई, हो म्हण," हेमंत कानात पुटपुटला. "या वयात याहून चांगलं कोण विचारणार?"

कुमुदताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेलिफोन खात्यात नोकरी झाली, संसार झाला, आणि प्रत्येक सहलीत त्या खालीच बसल्या होत्या. बाकीचे गड चढायचे आणि या पायथ्याशी सगळ्यांच्या पिशव्या, चपला अन् रडकी पोरं सांभाळायच्या. वरून काय दिसतं, हे त्यांना कायम दुसऱ्यांनीच सांगितलं होतं. आता स्वतःच्या पेन्शनीतून परदेशात जाऊनही खालीच बसायचं?

"काका, त्यांचं बघून झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं की."

"मग आता मी बघते. जिथं जायचं ते घर आतून-वरून बघायचा हक्क आपल्याकडे असतो. त्यांना सांगा, हलू नका म्हणावं."

भिरूडकाकांनी सांगितलं. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, पण रीतीला धरून होतं, त्यामुळे डोंगराला नाही म्हणता येईना. कुमुदताईंनी पदर खोचला, हेमंतचे बूट घातले, डोंगराने भेट म्हणून आणलेल्या, बर्फावरून घसरायच्या स्की काखोटीला मारल्या आणि व्हरांड्यातूनच चढायला सुरुवात केली. गुडघे कुरकुरले. त्यांनी लक्ष दिलं नाही. हेमंत खालून हाका मारत राहिला, तर त्यांनी त्याला पिशव्या सांभाळायला सांगितलं.

वरून त्यांना सगळं भुसावळ दिसलं. रेल्वेचे रूळ, केळीच्या बागा, पार तापीपर्यंत. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. त्यांना रडू आलं आणि थंडीने गालावरच गोठलं. मग त्यांनी स्की बांधल्या.

पहिल्यांदा त्या जोरात आपटल्या आणि शेजारच्या सरोदेबाईंच्या उडदाच्या पापडांपाशी येऊन थांबल्या. सरोदेबाईंनी पापड बाजूला घेतले. ताई पुन्हा चढल्या. ऊन कलेपर्यंत चढत राहिल्या, पडत राहिल्या, आणि शेवटी शेंड्यापासून व्हरांड्यापर्यंत उभ्याच्या उभ्या घसरत आल्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती.

डोंगराचा आवाज आता उतरला होता. भिरूडकाकांनी अदबीने सांगितलं की अट मागे घेतलीय. ताईंनी हवं तेवढं वर चढावं, खुर्ची काढून टाकू. फक्त होकार आजच मिळाला तर बरं, इथलं ऊन त्यांना सोसत नाही.

कुमुदताईंनी केसांतला बर्फ झटकला आणि गार झालेले पोहे पुढ्यात ओढले.

"उतार बरा आहे," त्या म्हणाल्या. "पण अजून एक-दोन डोंगर बघायचेत. कळवते म्हणावं."

डोंगराने पायथा उचलला आणि तो निघाला. त्या त्याला सोडायला फाटकापर्यंतसुद्धा गेल्या नाहीत.