शेगडीपुढचा राजा

मी आज कन्नड गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं, त्यामुळे ज्यांचे उपकार मानायचे त्यांची यादी मोठी आहे. आई आहे, वडील आहेत, देवगाव रंगारीच्या शाळेतले दोन शिक्षक आहेत. पण पहिलं नाव कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी शांतवनकाकांचं घेतो. आणि शांतवनकाकांविषयी सांगायचं तर सुरुवात एकाच गोष्टीनं करता येते. हा माणूस कागद जाळू देत नाही.

स्वतः जाळत नाहीत हे सोडा. दुसऱ्यालाही जाळू देत नाहीत.

काका छापखान्यातून निवृत्त झालेले. आधी खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ बांधायचे. पुढे प्रुफं तपासायला लागले. लग्नपत्रिका, हँडबिलं, सहकारी संस्थांचे अहवाल, सगळं त्यांच्या लाल शाईखालून गेलं. जिल्ह्याच्या शहरात, छावणी भागात, त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे आणि अंगणात एक सुटी खोली. बी.ए. करताना तीन वर्षं मी त्या खोलीत राहिलो. काकू मी येण्याआधीच वारल्या होत्या. घरात काका, भिंतीवर काकूंचा फोटो आणि बाकी सगळीकडे कागद. जुन्या पत्रिका, कॅलेंडरं, किराण्याच्या पुड्या, सुतळीनं बांधलेले गठ्ठे. माझ्या खोलीत खाटेखालीही तीन गठ्ठे होते. खोली दाखवतानाच काकांनी सांगितलं होतं, "हे आधीचे भाडेकरू. यांना उठवायचं नाय."

काकांसोबत भेळ खायला जाणं हे धाडसाचं काम होतं. भेळ ज्या कागदात मिळायची तो कागद ते आधी वाचायचे, मग भेळ खायचे. एकदा त्या कागदावर कुणा विद्यार्थ्याची निबंधाची उत्तरपत्रिका निघाली, 'माझा आवडता पक्षी'. निबंध पोपटाच्या चोचीपाशीच तुटला होता. पुढचं पान मिळावं म्हणून काकांनी आणखी दोन भेळी घेतल्या. तिसऱ्या पुड्यात शेवट सापडला. त्यांनी खिशातून लाल पेन काढून चुका दाखवल्या, दहापैकी सहा दिले आणि कागद भेळवाल्याकडे परत केला. म्हणाले, "पोरगं आलं तर दे. अक्षर बरं आहे म्हणावं."

थंडीत तर त्यांची फार धावपळ व्हायची. डिसेंबरात सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाले शेकोटी करायचे. खोकी, जुन्या वह्या, हाती येईल ते टाकायचे. काका काखेत तुऱ्हाट्यांची मोळी घेऊन तिथं हजर. लाकडं घ्या, कागद द्या, असा त्यांचा सौदा होता. तुऱ्हाट्या खास त्यासाठी आणून ठेवलेल्या असायच्या. रिक्षावाल्यांतले रऊफभाई त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, पण चेष्टेत बरोबरीचे. ते म्हणायचे, "काका, ये किताब नै है, गैस का बिल है."

"बिलावर माणसाचं नाव आहे ना?"

"है तो."

"मग दे इकडं."

आणि कोणी ऐकलंच नाही तर काका लांबूनच हाक मारायचे, "कोण रे तो यहोयाकीम?"

हे नाव गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. तो कोण हे फार थोड्यांना ठाऊक होतं. बरेच जण समजायचे की ते काकांचंच आडनाव असावं. कुरिअरवाला एकदा 'यहोयाकीम काकांचं घर कोणतं' म्हणून विचारत आला, आणि कोणीही न अडखळता त्याला दार दाखवलं.

मला तो राजा भेटला पहिल्या वर्षाच्या निकालानंतर. इंग्रजीत नापास झालो होतो. वडिलांचा निरोप आला होता की लई शिकला, आता गावाकडं ये. त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांच्या ओळखीत नापास होऊन पुढे शिकलेला माणूस नव्हता. सकाळी मी अंगणात गेलो, इंग्रजीची वही मधोमध फाडली आणि अर्धी बंबात घातली. काका राखुंडीनं दात घासत होते. तोंडात बोट तसंच ठेवून ते धावले आणि उघड्या हातानं त्यांनी वही बाहेर ओढली. वहीच्या कडा जळल्या होत्या. काकांची दोन बोटं भाजली.

ते रागावले नाहीत. बोटं पाण्याच्या तांब्यात बुडवून ओट्यावर बसले आणि मला समोर बसवून गोष्ट सांगितली.

यहुदी लोकांच्या प्राचीन शास्त्रात, ज्याला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, त्यात हा राजा आहे. यहोयाकीम हा यरुशलेमचा राजा. प्रजेला नागवणारा आणि कुणाचं न ऐकणारा. यिर्मया नावाच्या संदेष्ट्यानं त्याला इशारे देणारी एक गुंडाळी लिहवून घेतली. लिहून घेणारा होता बारूख, त्याचा लेखनिक. ती गुंडाळी राजासमोर वाचायला आणली. हिवाळ्याचे दिवस, राजा शेगडीपुढं बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की तो चाकूनं तेवढा तुकडा कापायचा आणि निखाऱ्यांवर टाकायचा. असं करत करत सगळी गुंडाळी संपवली.

"त्याला राग आला असता तर मी समजू शकलो असतो," काका म्हणाले. "रागात माणूस काय बी करतो. पण हा शांत होता. थंडी वाजत होती म्हणून शेकत होता, अन् देवाचा शब्द तेवढ्यात सरपणाला वापरला. वाईटपणा असा असतो बघ. त्याला आरडाओरडा लागत नाय."

मी विचारलं की पुढं काय झालं.

"पुढं काय व्हायचं? यिर्मयानं बारूखला पुन्हा बसवलं. जे जळालं होतं ते सगळं पुन्हा लिहिलं, अन् त्यात आणखी शब्द घातले." भाजलेली बोटं त्यांनी तांब्यातून बाहेर काढून पाहिली. "चल. वही घे नवी."

त्या सुट्टीत मी ती वही पुन्हा लिहिली. फाटलेली पानं काकांनी कणकेच्या खळीनं चिकटवून समोर ठेवली होती, आणि जुन्यात जेवढं आहे त्यापेक्षा प्रत्येक धड्याला एक पान जास्त लिहायचं, असा नियम केला होता. संध्याकाळी ते लाल पेन घेऊन बसायचे. त्यांचं इंग्रजी छापखान्यापुरतं. मी एकदा धीर करून म्हणालो, काका, तुम्हाला याचा अर्थ कळतो का? ते म्हणाले, "अर्थ नाय कळत. चूक कळते." आणि खरोखर कळायची. पुढच्या परीक्षेत मी पास झालो. गुणपत्रक दाखवायला गेलो तर त्यांनी आधी ते विद्यापीठाच्या नावापासून खालच्या सहीपर्यंत तपासलं आणि मगच पाठीवर हात ठेवला.

मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, रविवारी एखाद्याला चार शब्द बोलायला सांगत. काकांची पाळी आली की यहोयाकीम ठरलेला. पाळकसाहेबांनी सुचवून पाहिलं की शास्त्रात चांगले राजेही आहेत. काकांचं म्हणणं, चांगल्यांकडून शिकायला काही लागत नाही, त्यांचं सगळे ऐकतात. एका वर्षी नाताळच्या कार्यक्रमातही ते बोलले. मी शेवटच्या बाकावर होतो. पाळणा, मेंढपाळ, तारा या सगळ्यांच्या मध्येच राजा शेगडी घेऊन येऊन बसला. त्या दिवशी त्यांनी राजाभोवती उभ्या असलेल्या लोकांविषयी सांगितलं. तिघांनी विनवणी केली की जाळू नका. बाकीचे उभे राहिले. "त्या बाकीच्यांचे बी हात त्या विस्तवावर उबदार झाले," काका म्हणाले, "हे कोणी लक्षात घेत नाय." बायका केक कापायच्या थांबल्या होत्या. पाळकसाहेब घड्याळ बघत होते.

एवढी सगळी वर्षं मला वाटत आलं की हे छापखान्याचं वेड आहे. जन्मभर अक्षरं जुळवलेल्या माणसाला जळणारा कागद बघवत नसेल, इतकंच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेलो. नोकरी लागल्यापासून महिन्यातून एक शनिवार जातोच. त्यांचा उजवा हात आता थरथरतो, लाल पेनाच्या खुणा ओळीबाहेर जातात. चहा झाल्यावर त्यांनी कोरे कागद काढून माझ्यापुढं सरकवले. म्हणाले, "आज बारूख हो. मी सांगतो, तू लिही."

कुणाला पत्र, असं मी विचारलं.

"एस्तेरला. माझ्या पोरीला."

तीन वर्षं मी त्या घरात राहिलो होतो. काकांना मुलगी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

एस्तेरनं वेरूळच्या एका मूर्तीवाल्याच्या मुलाशी लग्न केलं. लेण्यांच्या रस्त्याला त्यांचं दगडी मूर्तींचं दुकान. मुलगा आपल्या धर्माचा नाही म्हणून काकांनी तिचं नाव टाकलं. दोघं जबलपूरला गेली, तिकडं संगमरवराचं काम असतं. दर नाताळाला तिचं पत्र यायचं. चार वर्षांत चार आली. चारही काकांनी न उघडता बंबात घातली.

"तुझी काकू दारात उभी राहायची. नका जाळू म्हणायची. तीनदा म्हणायची." काकांनी फोटोकडे पाहिलं नाही. "मी काय रागात नव्हतो. अंघोळीचं पाणी तापत होतं. पाचव्या वर्षी पत्र आलं नाय. मग काकू गेली. मग एके दिवशी मंडळीत पाळकांनी तो अध्याय वाचला, अन् मी ऐकत बसलो."

मी कोरा कागद पुढं ओढून पेनाचं टोपण काढलं.

"त्या राजानं निदान तीन-चार रकाने ऐकले होते," काका म्हणाले. "मी तेवढं बी नाय ऐकलं."

पत्ता त्यांना तोंडपाठ होता. पत्रं वाचली नव्हती, पण पाकिटावरचा पत्ता चारही वेळा तपासला होता. धंद्याची सवय. चौथ्या पाकिटावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यातला पिनकोड चुकला होता. त्यांनी तो आधी लाल शाईनं दुरुस्त केला आणि मग पाकीट बंबात टाकलं. हे सांगताना ते थोडं हसले, आणि मग हसणं त्यांना आवरेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

पत्र लिहायला आम्हाला चार दिवस लागले. सहा मसुदे झाले. पहिल्यात काकांनी कारणं दिली होती. ती त्यांनीच कापली. दुसऱ्यात शास्त्र होतं, तेही कापलं. शेवटी पाच ओळी राहिल्या. त्यांतली एक अशी होती की तुझी आई नको म्हणत होती. मी रजिस्टरनं पत्र टाकलं.

तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. वर पोस्टमननं लिहिलं होतं, या पत्त्यावर राहत नाही.

मला ते रऊफभाईंच्या फोनवरून कळलं. काका स्वतः फोनवर महत्त्वाचं बोलत नाहीत, फोनचं प्रूफ मिळत नाही म्हणतात. रऊफभाई म्हणाले, "सर, काका सुबह सुबह खुद गठ्ठे लाके शेकोटी के पास रखरे. बोल्ते, जलाओ, काम के नै रहे. मैं क्या जलाऊं? मेरेकू हिंमत नै होरी. सब रिक्षा में भरके रखा हूँ. तुम आके समझाओ उनकू."

ज्या माणसानं माझी वही उघड्या हातानं विस्तवातून काढली, तो आपले गठ्ठे विस्तवाजवळ नेऊन ठेवत होता. मला त्याच क्षणी निघायचं होतं. पण शुक्रवारपर्यंत परीक्षेची ड्यूटी होती. मग मी शिक्षकखोलीत बसून हे पत्र लिहिलं आणि कन्नडहून पहाटे सुटणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिलं. रऊफभाईंनी स्टँडवर ते उतरवून घेतलं आणि काकांच्या हातात दिलं.

शांतवनकाकांना सप्रेम नमस्कार.

पाकीट परत आल्याचं कळलं. ते टाकू नका. न उघडता परत आलं आहे, जळालेलं नाही.

काका, मी नापास झालो तेव्हा तुम्ही मला समजावलं नव्हतं, फक्त नवी वही घ्यायला लावली होती. त्याच वहीमुळे आज मी मुलांच्या वह्या तपासतो. दर वेळी लाल पेन उघडताना तुमची आठवण येते. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही, कारण तुमच्यासमोर बोललं की तुम्ही वाक्यातल्या चुका काढता.

शनिवारी सकाळी निघतो. वाटेत वेरूळला उतरणार आहे. मूर्तींचं ते दुकान अजून आहे की नाही मला माहीत नाही. नसेल तर शेजारच्या दुकानात विचारीन, तिथं नाही कळलं तर त्याच्या शेजारच्या. कुणाला तरी नवा पत्ता ठाऊक असेल. तिथले लोक मला काय बोलायचं ते बोलतील, मी ऐकून घेईन.

येताना कोरे कागद आणतो. पाच ओळी थोड्या होत्या, असं मला तेव्हाच वाटलं होतं. या वेळी आणखी शब्द घालू.

गठ्ठे रऊफभाईंच्या रिक्षात आहेत. मागची सीट अडल्यामुळे त्यांना गिऱ्हाईक घेता येत नाही, तेवढे गठ्ठे आजच घरात घेऊन ठेवा.

हे पत्र घाईत लिहिलं आहे. चुका असतीलच. लाल शाईनं खुणा करून ठेवा, रेघ वाकडी गेली तरी चालेल. शनिवारी बघतो.

तुमचा,
सुधाकर