अप्पांचा निळा

लातुरात गोलाईजवळ अप्पांचं मॅचिंग सेंटर आहे. तिथं ब्लाऊजपीस घ्यायला जायचं तर डोक्यावर पदर आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण अप्पा साडी आणि पीस उचलून गिऱ्हाइकाला सरळ रस्त्यावर उन्हात नेतात. "मॅडम, ट्यूबखाली रंग खोटं बोलतो. उजेडात या." मग रिक्षावाले हॉर्न वाजवोत, घामानं तुमचा अवतार होवो, अप्पा मान तिरकी करून पीस साडीला लावत बसतात. मी शाळेत शिकवते. माझी पोरं सायकलवरून जाताना हे बघून खिदळतात.

वैतागून तुम्ही "चालतंय की अप्पा" म्हणालात तर संपलंच. पीस हातातून ओढून घेतात. "चालतंयवाल्याचं दुकान म्होरं हाय." माझ्या जावेला त्यांनी असंच रिकाम्या हातानं परत पाठवलं. ती अजून त्या रस्त्यानं जात नाही.

अशा माणसाची एकुलती एक लेक वैजू बंगळुरात टीव्हीच्या पडद्यांवर संशोधन करते. आई लहानपणीच गेली, त्यामुळे पोरगी दुकानातच, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास करत वाढली. मीच शिकवलंय तिला. ती क्वांटम डॉट बनवते, म्हणजे धुळीहून कितीतरी बारीक कण. वीज दिली की ते उजळतात. जरा मोठा कण लाल, मधला हिरवा आणि सगळ्यात बारका निळा. लाल-हिरवा तिला जमलाय. निळा मात्र लवकर विझतो, आणि त्याच्यापायी ती गेल्या पंचमीला आली नाही, दिवाळीला आली नाही. "निळा टिकला की येते, अप्पा," एवढंच म्हणते.

अप्पांचं निदान तयार होतं. रंग कच्चा आहे!

"तिला म्हनलं, पहिल्या पाण्यात खडेमीठ टाक अन् बुडव रातभर. हसली अन् फोन ठेवून दिली."

मग ते टीव्हीची दुकानं धुंडाळायला लागले. मी एकदा फ्रीज बघायला गेले, तर अप्पा निळा पीस एका भल्यामोठ्या टीव्हीला लावून उभे! दुकानदार कौतुकानं सांगत होता, "अप्पा, ह्याच्यात बी क्वांटम डॉट हायत की."

"उजेडात घ्या."

"कशाला?"

"टीव्हीला. बाहेर घ्या."

आणि त्या भल्या माणसानं वायर ओढून टीव्ही खरंच पायरीवर आणला. उन्हात पडदा काळाभोर. अप्पा वाकून वाकून बघतायत. "ह्याच्यात तर मीच दिसायलोय," म्हणाले आणि पीस खिशात घालून चालू लागले. हसून हसून मी फ्रीजचं विसरूनच गेले.

यंदा दिवाळीतल्या पाडव्याच्या निळ्या साडीला पीस घ्यायला गेले, तेव्हा वैजूचा फोन आला. अप्पांचे दोन्ही हात कापडात, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"अप्पा, परत विझला निळा. मी न्हाई येत दिवाळीला." आवाज रडवेला. "काय तोंड घेऊन येऊ?"

एरवी मीठ-तुरटी सगळं सुचवणाऱ्या माणसानं हातातलं कापड खाली ठेवलं. मला आपलं वाटलं, आता तिलाही उजेडात उभी करणार.

"वैजू," ते म्हणाले, "चालतंय."

"काय?"

"चालतंय की गं. कच्चा तर कच्चा. तू ये. मला एकट्याला घरात करमत न्हाई."

तिकडून नुसतं मुसमुसणं ऐकू येत राहिलं.

फोन ठेवल्यावर अप्पांनी हाताला लागला तो पीस कागदात गुंडाळला आणि बाहेर न नेता माझ्या हातात ठेवला. मीही मुकाट्यानं घेतला. घरी अंगणात उघडून बघते तर साडी कुठं आणि पीस कुठं! तरी तोच शिवायला टाकला.

पाडव्याला वैजू फराळाला आली. दारातच तिची नजर माझ्या ब्लाऊजवर गेली आणि मान तिरकी झाली, हुबेहूब बापासारखी.

"मॅडम, हा आमच्या दुकानातला न्हाई."

"तिथलाच आहे," मी म्हणाले. "तुला ये म्हणाले ना, त्याच दिवशी दिला. बाहेर न नेता."

वैजू माझी बाही चिमटीत धरून नुसती बघत राहिली. मग चिवड्याची बशी तशीच ठेवून उठली. "येते मॅडम. अप्पा घरी एकटेच हायत."