आर्खिप आजोबांची नजर आणि ग्लाशाचे बूट

मुलांनो, जरा एका पायावर उभे राहा बरं. आता कल्पना करा, की पायाखाली जमीन नाही, बर्फ आहे, आणि बुटाखाली एक पोलादी पातं आहे. त्या पात्यावर धावायचं, उडी मारायची, हवेत दीड गिरकी घ्यायची आणि एकाच पायावर अलगद उतरायचं. तेही हसत हसत! जमेल?

पेर्म शहरातल्या दहा वर्षांच्या ग्लाशाला ते जमायचं. पण हल्ली उतरताना तिचा उजवा घोटा आत मुडपायचा आणि बाईसाहेब धपकन बर्फावर!

"उजवा बूट गेलाय," तिच्या शिक्षिका रोझा मारातोव्ना म्हणाल्या. "रोज शंभरदा सगळं अंग त्याच्यावर आदळतं, थकला बिचारा. महिनाअखेर परीक्षा आहे. उडी नीट उतरली तर मोठ्यांच्या गटात. नाही उतरली तर आणखी वर्षभर चिमुरड्यांबरोबर बदकचाल!"

ग्लाशा खाली वाकून उजव्या बुटाची नाडी आवळू लागली. तिला न्यायला आलेल्या आर्खिप आजोबांनी मात्र मिशीवरून हात फिरवला. आजोबांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं. अर्धं पेर्म आपणच उभं केलं, असं ते स्वतःच सांगायचे.

"गेलाय की नाही, ते मी घरी ठरवतो," ते म्हणाले. "माझी नजर म्हणजे ओळंबा, केसभर वाकडं असेल तरी दिसतं! ओळखायचं कसं, तेवढं सांगा."

"पात्याला खोळ घाला, बूट टेबलावर उभा करा आणि मागून बघा. घोटा कलला असेल, तर संपला."

"हात्तिच्या! एवढंच?"

घरी आल्याबरोबर आजोबांनी बूट टेबलाकडे नेले. तोच स्वयंपाकघरातून फाईना आजी डाव उगारून धावली.

"बूट? टेबलावर? घरात मर्तिक घडवायचंय का तुला?"

"अगं, एक मिनिट फक्त!"

"यमाला किती मिनिटं लागतात?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. आजोबांनी बूट स्वयंपाकघराच्या जमिनीवर ठेवले, चवडे खिडकीकडे करून. "नाही तरी ही जमीन माझ्या हातची आहे. इतकं सरळ टेबल कुठल्या सुताराने केलंय?" असं म्हणून ते पालथे पडले आणि त्यांनी एक डोळा मिटला.

उजवा बूट पहारेकऱ्यासारखा ताठ! डावा मात्र उजवीकडे झुकलेला, लग्नातून परतणाऱ्या मामासारखा!

"उजवा ठणठणीत. डावा गेला!"

"पण आजोबा, बाई तर उजवा म्हणाल्या."

"बाई तुझ्यासमोर उभ्या असतात ना? मग त्यांचा उजवा तो तुझा डावा! शिकलेली माणसं इथेच फसतात."

मग डाव्या बुटावर उपचार झाले. आतून जाड चामडं, त्यावर सरस, बाजूंना पत्र्याच्या दोन पट्ट्या. दुसऱ्या दिवशी ग्लाशा बर्फावर उतरली तेव्हा तिचा डावा पाय खांब झाला होता आणि उजवा उकडलेल्या कोबीचं पान. तिने उडी घेतली आणि ती थेट कठड्याला जाऊन भिडली.

"या डाव्याला काय झालंय?" रोझा मारातोव्ना ओरडल्या.

"आजोबांनी बरा केलाय."

"आजारी कधी होता तो?"

हे घरी कळताच फाईना आजीने सूत्रं हातात घेतली. ग्लाशाला घेऊन ती बूट शिवणाऱ्या लेवोन मास्तरांकडे गेली. आठवड्याभरात त्यांनी नवे बूट शिवून पाती ठोकून पाठवले. काय बूट होते! राजवाड्याच्या भिंतीसारखे कडक, आणि एक टाका इकडचा तिकडे नाही.

आजोबांनी ते जमिनीवर ठेवले. दोन्ही उजवीकडे कललेले!

"परत पाठवा!"

मास्तरांनी बूट आपल्या टेबलावर पाहिले. सरळ. त्यांनी ते परत पाठवले. आजोबांनी पाहिले, वाकडे. पुन्हा रवानगी! आठवडाभर ते बूट पेर्मभर फिरले, फक्त ग्लाशाच्या पायात काही गेले नाहीत. परीक्षेला बारा दिवस उरले, आणि नवे बूट पायाला सरावायलाच दहा दिवस हवेत! ग्लाशा उशीत तोंड खुपसून रडली.

शेवटी लेवोन मास्तर स्वतःच तणतणत आले. स्वयंपाकघरात बसून त्यांनी बुटांकडे मागून पाहिलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"छत्तीस वर्षं बूट शिवतोय," ते पुटपुटले. "गेले माझे हात."

"वय झालं, लेवोन गुर्गेनोविच," आजोबा मायेने म्हणाले. "सगळ्यांचीच नजर माझ्यासारखी टिकत नाही."

आजी चहा ओतू लागली. ग्लाशा मात्र बुटांपाशी उकिडवी बसली होती. तिने बूट उचलले आणि उलट फिरवून ठेवले, चवडे दाराकडे करून.

"आजोबा, मघाशी हे उजवीकडे कलत होते. आता डावीकडे. म्हणजे दोन्ही वेळा चुलीकडेच!"

ग्लाशाने एक सुका वाटाणा जमिनीवर ठेवला. वाटाणा गडगडत निघाला तो चुलीखाली जाऊन थांबला.

"तीस वर्षं!" आजी कडाडली. "तीस वर्षं माझी धिरडी एका बाजूला जाड होतात, आणि हा म्हणतो, फाईना, तुझा हात वाकडा!"

आजोबा कानापर्यंत लाल झाले. मुलांनो, चाळीस वर्षांची फुशारकी एका वाटाण्यापुढे सोडून देणं सोपं नसतं. पण आजोबा उठले, त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "चुकलो. तुमचे हात नाही, माझी जमीन वाकडी." माझ्या मते, त्या स्वयंपाकघरात त्या दिवशी सर्वांत ताठ उभे होते ते आजोबाच.

मास्तर खुलले. त्यांनी ग्लाशाला जवळ बसवलं. "बाळ, जमीन नको, टेबलही नको. घोट्यापाशी दोन्ही अंगठ्यांनी दाब. दमदार बूट उलट ढकलतो. थकलेला मुकाट्याने दुमडतो."

ग्लाशाने आपला जुना उजवा बूट दाबला. अंगठे पावात रुतावेत तसे आत गेले. तिने तो हळूच गोंजारला. किती उड्या झेलल्या होत्या त्याने!

मग बारा दिवस पोरीने नवे बूट पायातून काढले ते फक्त झोपताना. अभ्यास बुटात, सूप बुटात. टाचांना फोड आले, तरी तिने हूं का चूं केलं नाही. परीक्षेत ती उडाली, दीड गिरकी फिरली आणि उतरली. बर्फावर एकच लांब, गोलसर रेघ उमटली. आजोबा बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

मग ग्लाशाने काय केलं ठाऊक आहे? ती कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि तिने प्रत्येकाचा बूट अंगठ्याने दाबून पाहायला सुरुवात केली. "हा छान. हा पुढच्या हिवाळ्यापर्यंत. हा... अगं बाई, हे कुणाचे? हे तर केव्हाच गेलेत!"

"हळू बोल गं!" रोझा मारातोव्ना इकडेतिकडे बघत कुजबुजल्या. "माझे आहेत ते. अजून चांगले चालतायत!"

ग्लाशाने ते दोन्ही बूट काखोटीला मारले आणि लेवोन मास्तरांच्या दुकानाची वाट धरली. रोझा मारातोव्ना नुसत्या मोज्यांवर तिच्यामागे धावत होत्या.