सरकारमान्य मोन्योना

सुआकिरा नगरपालिकेने ठरावाद्वारे जाहीर केले, की तेहोच्या खेळातले स्फोट यापुढे होतील, परंतु होणार नाहीत.

तेहो म्हणजे लोखंडी चकती लांबून फेकायची आणि समोरच्या ओल्या मातीतली बारूदाची पुडी उडवायची. हाताशी बिअर. पुडी उडवून चकती मातीतल्या लोखंडी कड्याच्या ऐन मधोमध रुतली, की सगळं अंगण ‘मोन्योना!’ म्हणून बोंबलतं. एवेलियोकाकांच्या अंगणात वडिलांच्या काळापासून हेच चालत आलं होतं. पण त्या आवाजाने महापौरांचा कुत्रा दचकू लागला. म्हणून आता चकती खरी, माती खरी, स्फोट मात्र चष्म्यात. चष्मे नसतील त्या अंगणाला टाळं.

“बारूदाशिवाय तेहो कसला, पोरी?” काकांनी चष्म्याचा खेळ बनवणाऱ्या यामिलेला विचारलं. “बिनमिठाची आरेपा नुसती, मक्याची अळणी भाकरी!”

“काका, चष्म्यातला कॅमेरा चकतीवर नजर ठेवतो. पुडीला लागली, की कानात धडाम!”

“आणि नाही लागली तर?”

“तर काही नाही.”

“मग ठीक आहे,” काका म्हणाले.

चाचणीला महापौर आर्योस्तो आले. त्यांची चकती खुराड्यात गेली आणि एक कोंबडी जागच्या जागी आटोपली. चष्मा गप्प.

“यंत्र बिघडलंय,” महापौर म्हणाले.

“साहेब, पण कोंबडी...”

“मी या खेळाचा पदसिद्ध अध्यक्ष आहे, बाई.”

दुरुस्ती झाली: पदाधिकाऱ्याची चकती जिथे पडेल तिथेच पुडी होती असे समजावे, आणि झालेले नुकसान चष्म्यात दिसू नये. नगरसेवक म्हणाले, आम्ही काय घोडं मारलंय? त्यांच्यामागून त्यांचे मेहुणे आले, मग पाद्रीबाबा, आणि अखेर समानतेच्या तत्त्वानुसार समस्त नागरिक. यामिलेची नोकरी हंगामी होती, ती सांगतील ते करत गेली. फक्त चष्म्याच्या उजव्या दांडीवर तिने एक बारीक बटण ठेवलं. ते दाबलं, की खरं घडलेलं दिसे, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

उद्घाटनाला पहिल्या फेकीचा मान काकांना मिळाला. उभ्या जन्मात त्यांनी फुकटचा गुण घेतला नव्हता. त्यांचं डोकं सणकलं. “थांबा मेल्यांनो, दाखवतोच!” म्हणत त्यांनी मातीकडे पाठ फिरवली आणि चकती सरळ रस्त्यावर भिरकावली.

“मोन्योना!” अख्खं गाव ओरडलं. महापौरांनी मिठीच मारली. “वा काका! हात अजून शाबूत आहे हो!”

काकांनी चष्मा काढला. महापौरांच्या रिकाम्या गाडीच्या पुढच्या काचेचा चुरा झाला होता. त्यांनी महापौरांच्या उजव्या कानाकडे, त्या बटणाकडे हात नेला. यामिलेने तो वरच्या वर धरला.

“काका, त्यांना दिसलं तर तुमचं अंगणही जाईल आणि माझी नोकरीही.”

“अगं, पण फुटलीय ना काच!”

“चष्मा लावून बघा तरी.”

काकांनी लावला. काच अखंड होती. टाळ्या चालूच होत्या. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग बरंही वाटलं. हात थरथरू लागल्यापासून त्यांचा एकही मोन्योना झाला नव्हता.

“आणखी एक फेकू का?” त्यांनी विचारलं.

वाचक म्हणतील, आम्ही असतो तर बटण नक्की दाबलं असतं. सुआकिरात आजवर ते कुणीच दाबलेलं नाही. आणि तिथेही जो तो हेच म्हणतो.