बसायचं सोडून बोला

मुलगी पाहायला पाहुणे नऊ वाजता येणार होते आणि घरातल्या कर्त्या माणसाला बसता येत नव्हतं. गुणवंतरावांच्या घरी त्या सकाळी एवढीच काय ती अडचण होती. बाकी पोहे तयार होते, शेजारून खुर्च्या आणल्या होत्या आणि मुलगी भाग्यश्री तर चारचौघींत उठून दिसणारी होती.

दोष सुईचा. रोवणीत वाकून भात लावताना कंबर धरली तेव्हा नर्सबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. पण टोचल्याशिवाय गुणवंतरावांना औषध घेतल्यासारखं वाटतच नसे. म्हणून ते गावोगावच्या बाजारांत मोटारसायकलवर फिरणाऱ्या सुईवाल्याकडे गेले. त्याने एकाच बाटलीतून सगळ्या रांगेला टोचलं. कंबर दोन दिवसांत मोकळी झाली आणि महिन्याभराने उजव्या बाजूला, बसायच्या नेमक्या जागी, लिंबाएवढी गाठ आली. ती फुटे, वाहे, पुन्हा भरे. पाच-पाच दिवसांच्या तीन औषधांनी तिचं काही वाकडं झालं नाही.

शेवटी चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर रीता मॅडमनी पू तपासायला पाठवला. पंधरा दिवसांनी त्या म्हणाल्या, "हा टीबीच्या जंतूचा चुलत भाऊ आहे. माती-पाण्यात राहतो, सुईतून आत शिरला. टीबीचा जंतू लॅबमध्ये वाढायला महिना-दीड महिना घेतो, हा आठवड्यात वाढतो."

"म्हंजे हलक्या धानावानी," गुणवंतराव म्हणाले. "जल्दी येते तं जल्दी मरत बी असन?"

"तिथेच तर घोळ आहे. वाढतो लवकर, मरतो उशिरा. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना हा दाद देत नाही. आम्ही त्याच्यावर दहा औषधं लावून पाहिली, त्यातली तीन लागू पडली. त्यातली दोन एकदम घ्यायची, सहा महिने. एकटं औषध दिलं तर तो त्याला सरावतो. सकाळी दहा, रात्री दहा. चुकवायचं नाही."

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हेही मॅडमनी बजावून सांगितलं होतं. पण गुणवंतरावांच्या डोक्यात 'टीबीचा चुलत भाऊ' एवढंच अडकलं. हे नातं आरमोरीच्या पाहुण्यांना कळलं तर सोयरीक मोडलीच म्हणायची! प्रणितसारखा जावई पुन्हा कुठे शोधायचा? बिचारे मनापासून घाबरले होते.

"तुमी निस्ते उभे राहा," बायको रंभाबाई म्हणाली. "काय सांगाचं ते माह्यावर सोडा."

पाहुणे आले. मुलाचे वडील घनश्यामराव, काका धनराज आणि स्वतः प्रणित.

"बसा ना जी," गुणवंतराव उभ्याउभ्या म्हणाले.

"तुमी बसा पयले," घनश्यामराव म्हणाले.

रंभाबाई पुढे झाली. "ते नाई बसत जी. नवस हाय त्याईचा. पोरीची सोयरीक जमेपर्यंत बूड टेकाचं नाई."

हा नवस तिला त्याच क्षणी सुचला होता. गुणवंतरावांनी घाईघाईने आढ्याकडे पाहून हात जोडले. घनश्यामरावांचे डोळे भरून आले.

"असा बाप मी नाई पाह्यला! मंग मी तरी काऊन बसू? मी बी उभाच राह्यतो."

वडील उभे म्हणून प्रणित उठला, भाऊ उभा म्हणून धनराज उठले. सगळ्यांनी उभ्यानेच पोहे खाल्ले. खुर्च्या पुरल्या का ते पाहायला शेजारची शकुबाई आली, तिने नवसाची हकिकत ऐकली आणि गुणवंतरावांच्या पाया पडून गेली. दहा मिनिटांत ती आणखी तिघींना घेऊन परतली. एकीच्या हातात नारळ होता.

इथवर निभावलं होतं. पण घनश्यामरावांना मुलगी पाहताक्षणीच आवडली.

"पसंद हाय आमाले!" ते म्हणाले. "जमली सोयरीक. आता बसा इवाई!"

गुणवंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. नवस फिटला होता. शकुबाईने खुर्चीवर धुतलेली चादर अंथरली.

"पयले तुमी बसा इवाई," गुणवंतराव म्हणाले.

"नाई नाई, नवस तुमचा."

"पाहुने तुमी."

"मान तुमचा."

खुर्ची दोघा व्याह्यांच्या मधे इकडून तिकडे सरकत राहिली. धनराजकाकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "सोयरीक जमली तरी पोरीचा बाप बसत काऊन नाई? मनात नसन तं सरळ सांगा ना जी. आमी चाललो."

तेवढ्यात दहा वाजले. भाग्यश्री पाण्याचा गिलास आणि दोन गोळ्या घेऊन बाहेर आली. रंभाबाईने डोळे वटारले. "मंग दे वं. पाहुने हायेत."

"पाहुने आजच्या दिवस हायेत, गोळ्या सा महिने हायेत," भाग्यश्री म्हणाली. "सोयरीक मोडली तं मोडली. मले माहे बाबा बसलेले पायजेत."

आणि तिने सुईपासून चुलत भावापर्यंत सगळं सांगून टाकलं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हेही सांगितलं. गुणवंतरावांनी खाली मान घालून गोळ्या गिळल्या. मुलीचं लग्न आपणच मोडलं असं वाटून त्यांना रडू येत होतं.

घनश्यामराव हळूहळू त्यांच्याजवळ आले. "कोन्त्या बाजूले?" त्यांनी कानात विचारलं.

"उजव्या."

"माही डावी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मोटारसायकलवाला?" "होय. बाजारातला."

"बाबा!" प्रणित ओरडला. "दोन महिने झाले तुमी उभ्यानं जेवून राह्यले! पचन चांगलं होते म्हनत होते ना?"

गुणवंतरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कोनाड्यातून गोळ्यांची पट्टी काढली आणि उदारपणे मधून कापायला घेतली. "घ्या इवाई, अर्ध्या तुमाले."

भाग्यश्रीने पट्टी हिसकावली. "वाटाच्या नाई! तुमचा जंतू कोन्ता, त्याले कोन्तं औषिद लागते, ते पयले तपासा लागन. उद्याच चंद्रपूरले जा."

"सून पायजे तं अशी!" घनश्यामराव खूश झाले. "लगन याच महिन्यात करू. नाई तं माह्या गोळ्यांवर ध्यान कोन ठेवन?"

"हे ठेवतीन," भाग्यश्रीने प्रणितकडे बोट केलं. "मले अजून कोनी इचारलंच नाई. तुमचं औषिद सुरू झाल्यावर याईनं सा महिने एक बी गोळी चुकू देली नाई, तं माहा होकार."

प्रणितने खिशातून मोबाईल काढला आणि बसस्टँडवर फोन लावून चंद्रपूरची पहिली गाडी किती वाजता आहे ते विचारलं. रंभाबाई जावईबापूंसाठी पोह्यांची दुसरी ताटली भरत होती. तिने ती तशीच खाली ठेवली. मुलगा अजून पसंत व्हायचा होता.