टाळ्या वाजवणारे थोरे सर

अन्याय झाला तो दिनकर थोरे सरांवर. एकोणीसशे नव्व्याण्णव साली, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, सकाळी साडेअकराला, शिर्डीतल्या एका लॉजमध्ये, हार घातलेल्या संगणकासमोर. अपराध काय? सरांनी टाळ्या वाजवल्या.

या टाळ्यांचं जरा सांगायला हवं. पडद्यावर एरर आला की तुम्ही-आम्ही घाबरतो, प्लग उपटतो, शेजारच्याकडं संशयानं बघतो. थोरे सर मात्र टाळ्या वाजवतात. "बोलली गं बया!" असं ओरडून समोरच्या टपरीवर सगळ्यांचा चहा सांगतात. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, निवृत्तीनंतर हट्टानं संगणक शिकले आणि या लॉजच्या वेबसाइटची देखभाल करायला लागले. घर शिर्डीजवळ राहात्याला, एकटेच.

मी चळवळीतली; तिथं जायची ती माझी सभांची पत्रकं लॉजच्या संगणकावर जुळवायला. सर आधी पत्रक वाचत. "राग झकास हाय. पन सभा किती वाजता, ते कुठाय?" मी जीभ चावायची. "बघ, तुजाबी एरर सापडला," असं म्हणून परत टाळ्या.

वेबसाइट दिवाळीच्या आधीच चालू झाली होती. घरबसल्या खोली राखून ठेवा! लोक नाव टाकत, तारीख टाकत, पडद्यावर 'आपली खोली राखून ठेवली आहे, धन्यवाद' असं येई. लोक खुशीत गाडीत बसत. इथं उतरल्यावर काउंटरवरची सुनंदा सांगे, "तुमचं नावच न्हाई." सगळ्यांचं असं होत नव्हतं. व्हायचं ते गुरुवारी येणाऱ्यांचं, बाबांच्या वारी, गर्दीत, कडेवर लेकरं असताना.

मालक म्हणाले, लोकच खोटं बोलतात. सर म्हणाले, "लोकं खरं बोलत्यात. मशीन गप बसलंय. मुकं मशीन लई वाईट."

मग त्यांनी आम्हाला नाटकाला उभं केलं. सुनंदा म्हणजे अर्ज भरणारं गिऱ्हाईक. मी सर्व्हर, म्हणजे आलेला अर्ज घेऊन काम उरकणारा पलीकडचा संगणक. आणि सर स्वतः खोल्यांच्या नोंदीचे कारभारी. किल्ल्यांचा जुडगा घेऊन स्टुलावर बसले.

"सुनंदा, कधी येनार?"

"गुरुवारी."

"तसं न्हाई. परत गेलेल्या माणसांनी अर्जाच्या डब्यात काय लिवलं, ते बोल."

"तेच की सर. मी इचारलं हुतं समद्यांना. तारखेच्या डब्यात त्यांनी 'गुरुवार' लिवलं. आकडा कोन ध्यानात ठेवतंय?"

मी सर्व्हर होते, मला आकडा हवा होता. 'गुरुवार'चं करू काय? मी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "पुण्याच्या ज्या पोरानं हा प्रोग्रॅम लिवला, त्यानं तुला वर एक ओळ दिलीय. चूक आली तरी थांबायचं न्हाई, बोलायचं न्हाई, मुकाट पुढं चालायचं. चाल!"

मी मुकाट पुढं चालले. शेवटी सुनंदाला हात जोडून म्हणाले, "आपली खोली राखून ठेवली आहे, धन्यवाद."

सरांच्या हातातला जुडगा तसाच. त्यांच्यापर्यंत काही आलंच नव्हतं! सुनंदा म्हणाली, "अगं बाई, तू तर तोंडावर खोटं बोललीस!" सरांनी इतक्या टाळ्या पिटल्या की किल्ल्या स्टुलाखाली गेल्या.

सरांनी ती ओळ त्याच दुपारी काढून टाकली आणि 'गुरुवार' ओळखायचं सर्व्हरला शिकवायला दोन दिवस मागितले. मालकांनी उद्याच वेबसाइटचं रीतसर उद्घाटन ठेवलेलं. "सर, ती ओळ परत टाका. पाव्हन्यांपुढं इज्जत जाईल माजी."

"चूक झाकायची ओळ मी टाकनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी बँडवाले आले, पेढे आले, फेट्यातले प्रमुख पाहुणे खुर्चीत बसले. सुनंदानं विचारलं, "साहेब, तारीख काय टाकू?" साहेब रुबाबात म्हणाले, "आम्ही कायम गुरुवारीच येतो. टाक गुरुवार." पांढराफटक पडदा, वर एरर. बँड थांबला. आणि त्या शांततेत मागून टाळ्या. "बोलली गं बया!"

मालकांनी सरांना तिथंच घरी बसवलं. ओळ संध्याकाळच्या आत परत आली, आणि पडदा पुन्हा गोड बोलायला लागला.

मी पेटले. 'ती ओळ काढा!' असं पत्रक लिहिलं, या वेळी सभेची वेळसुद्धा घातली, आणि गुरुवारी तिन्हीसांजेला सरांच्या घरी गेले. दारात चपलांचा ढीग. आत कुणी सोलापूरचं कुटुंब भिंतीला टेकून बसलेलं. सर एका हातानं पिठलं ढवळत होते, खांद्यावर अनोळखी लेकरू पेंगत होतं. खोली न मिळालेल्या माणसांना ते लॉजच्या दारातून एसटीत घालून घरी आणत होते. स्वतः ओट्यावर झोपत होते.

पत्रक त्यांनी वाचलं. टाळी नाही. "छापू नको गं."

"का? घाबरलात?"

"ओळ काढली तर ह्यांना खोली मिळंल."

"मिळायलाच पाहिजे!"

"व्हय, पाहिजे." सर पिठल्याकडं बघत राहिले. "मग गुरुवारी हितं कोन येनार?"

मी पत्रकाची घडी घातली. लेकरानं मान दुसऱ्या खांद्याकडं टाकली. सरांनी त्याला हळूच थोपटलं आणि म्हणाले, "छाप. चूक हाय ती हाय. आता पाट मांड."

त्या गुरुवारसकट सगळं नव्यानं लिहून छापलं. ते तुमच्या हातात आहे. आता नुसते हळहळू नका. लॉजच्या मालकांना गाठा, ती ओळ काढायला लावा, सरांना मानानं परत खुर्चीवर बसवा. आणि खोली मिळाली की सामान टाकून, लेकराबाळांसकट, राहात्याला सरांच्या घरी जेवायला जा.