दस्तगीरमामांचं खऱ्या पुस्तकांचं दुकान

गंगावेशीतल्या दस्तगीरमामांच्या दुकानात मागितलेलं पुस्तक कधीच मिळत नसे. मामा गिऱ्हाइकाला आधी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत, मग विचारत, "पावणं, घरात माणसं किती?" सोयरीक जुळवायला बसल्यासारखी सगळी चौकशी झाली की फळीवरून एक पुस्तक निघे, आणि ते भलतंच असे.

कथा-कादंबऱ्या ते ठेवतच नसत. "खोटं वाचायला पैसं कशाला? भावकीच्या दाव्याचं कागद वाचा की, फुकट!"

संस्थानच्या महाराजांनी गावात बोर्डिंगं काढली होती. खेड्यांतली पोरं शिकायला येत आणि तालमीत रमत. असाच एक मिसरूड फुटलेला गडी कुस्तीच्या डावांचं पुस्तक मागायला आला. मामांनी त्याच्या हातात शरीरातल्या हाडांचं पुस्तक ठेवलं. "मोडायच्या आधी नावं तरी म्हाईत असू देत."

एका वकिलांना भाषण ठोकायला शिकायचं होतं. त्यांना मिळालं जनावरांच्या रोगांचं पुस्तक. वकील भडकले, "मी काय ढोरांचा डॉक्टर आहे?"

"तुमचं पक्षकार सगळं कुणबी. बैल कशानं मेला ते ठावं न्हाय, अन् कोर्टात वरडून काय सांगणार?"

वकील पुस्तक घेऊन गेले. पुढं ते दावे पूर्वीइतकेच हरत, पण लोक त्यांच्याकडं बैल दाखवायला येऊ लागले.

नवं लग्न झालेल्या एका मास्तरांना बायकोशी काय बोलावं ते सुचेना. मामांनी त्यांना साबण तयार करण्याचं पुस्तक दिलं. "दोघं मिळून करा. पयला घाणा बिघडला की बोलणं आपसूक सुरू हुईल."

मी कचेरीत कारकून. बोलण्यात कंजूष, घरात तर फारच. पुढचं मी आजवर बायकोपाशीही काढलेलं नाही. आता सांगून टाकतो.

माझी लेक यमू तेरा वर्षांची. लग्न गेल्या साली झालेलं. मुरगूडहून व्याह्यांचा निरोप आला, मुलीला नांदायला धाडा. मी मुहूर्त पाहून मोकळा झालो. यमू माझ्या समोर यायची बंद झाली. तिची समजूत कशी काढावी हे मला कळेना, म्हणून संसाराच्या उपयोगाचं एखादं पुस्तक तिच्या हातावर ठेवावं, असा पळपुटा विचार करून मी मामांकडं गेलो.

सगळी हकीकत आणि तिचं वय विचारून मामांनी एक पुस्तक कागदात गुंडाळलं. "हे पोरीला न्हवं, तुमाला."

घरी येऊन उघडतो तो सुईणींसाठी लिहिलेलं पुस्तक! तसाच तणतणत परत गेलो.

"मामा, चुकून दिलंत. हे सुईणीनं वाचायचं."

"पोरीला धाडायचं कुणी ठरवलं? सुईणीनं?"

मी पुस्तक पुढं केलं, ते त्यांनी परत माझ्याकडं सारलं.

"बसा हितं. दोरा घातलाय तिथनं वाचा."

पायरीवर बसून वाचलं. कोवळ्या वयातल्या बाळंतपणाचं प्रकरण होतं. काय होतं, कसं होतं, सगळं सरळ लिहिलेलं. दुसऱ्या पानावर मी पुस्तक मिटलं.

"असलं पुस्तक ठेवायचं सुचलं कसं तुम्हाला?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

मामा फळी पुसत राहिले. पुसलेलीच पुन्हा पुसत राहिले.

"माजी लेक जैनबी बाळंतपणात गेली, चौदाची हुती. तवा माजं पुस्तकांचं न्हवतं, बांगड्यांचं दुकान हुतं. पोरींचं मनगाट लांबनं बघून माप सांगायचो, रावसाब. साऱ्या पेठेत नाव हुतं." मग फडकं झटकून म्हणाले, "घरच्या पोरीचं मनगाट एवढंसं हाय, ते तेवढं दिसलं न्हाय."

त्या संध्याकाळी मी मुरगूडला निरोप धाडला: मुलगी मोठी होईल तेव्हा येईल, तोवर शिकेल. व्याह्यांनी कचेरीत येऊन माझा जो उद्धार केला, तो सगळ्या कारकुनांनी लेखण्या खाली ठेवून ऐकला. मीही ऐकला.

ते तिकडं जिना उतरले, तसा मी इकडं मामांना सांगायला गेलो. त्यांनी शाबासकी दिली नाही. नुसती मान हलवली आणि फळीकडं वळले.

"बरं. आता पोरीचं बघू. काय आवडतं तिला?"

मी पायरीवरची चप्पल पायात सरकवली.

"विचारून येतो," म्हणालो, आणि कचेरी सोडून भर दुपारी घराकडं चालू लागलो.